यती हलत नाही, गाडी मात्र धावते

थीम पार्कमधल्या राइडमध्ये दोन यंत्रणा शेजारी शेजारी नांदतात आणि दोघींचे नियम वेगळे असतात. रूळ, ब्रेक, प्रवाशाला सीटवर धरून ठेवणारा दांडा, दोन गाड्यांमधले अंतर राखणारे सेन्सर ही झाली पहिली. यातले काही बिघडले की नियंत्रण-संगणक राइड थांबवतो. कोणाला विचारत बसत नाही. दुसरी यंत्रणा देखाव्याची: हलणारे पुतळे, धूर, ज्वाळा, फवारे, काचेतली भुते. हिच्यात बिघाड झाला तर काहीच थांबत नाही. पुतळ्याची पापणी मिटेनाशी झाली तरी गाड्या भरून सुटत राहतात. पैसे देऊन आत आलेल्या नव्या प्रेक्षकाला पापणी मिटायची होती हे ठाऊकच नसते, त्यामुळे तक्रारही येत नाही. देखाव्याच्या देखभालीतली बहुतेक दुखणी या एका फरकातून निघतात.

सुरक्षेच्या बाजूला मानकांचा आधार आहे. अमेरिकेत एएसटीएमच्या एफ24 समितीची मानके, युरोपात ईएन 13814, आपल्याकडे आयएस 15492. पण समुद्री चाच्याचा हात झटका न देता उठला पाहिजे, असे यातले एकही मानक सांगत नाही, आणि ते सांगावे अशी अपेक्षाही नाही. म्हणून रात्रीचा वेळ किंवा वर्षाचा पैसा कमी पडला की कात्री आधी चाच्याच्या हातावर चालते.

या हातावर किती भार पडतो ते आकड्यांत पाहू. पुण्याच्या गणेशोत्सवातल्या हलत्या देखाव्यातला राक्षस दहा दिवस चालला की मंडळाचे काम झाले. रोज सहा तास, मिनिटाला एकदा गदा उचलली तरी उत्सवभरात 3,600 वेळा. पार्कमधला पुतळा तीच हालचाल दिवसाचे बारा तास आणि वर्षाचे सगळे दिवस करत असेल तर दिवसाला 720 आणि वर्षाला 2,62,800 फेऱ्या भरतात. एवढ्या फेऱ्यांत धातू थकतो, वेल्डिंगला केसाएवढी चीर पडते, बुश झिजून सांध्यात खेळ येतो. सर्वांत त्रास देते ती वायर. कोपराशी रोज वाकणाऱ्या वायरीतले तांब्याचे धागे आवरणाच्या आत एकेक करून तुटतात. बाहेरून वायर शाबूत दिसते. मग कोपर विशिष्ट कोनात आला की सिग्नल जातो आणि पुढे सरकला की परत येतो. तंत्रज्ञ पुतळा बंद करून मीटर लावतो तेव्हा सगळे ठीक असते. हा दोष पुतळा चालू असतानाच सापडतो, आणि चालू पुतळ्याजवळ माणसाने जायचे नाही हा पहिला नियम. वीज, तेल, हवा तोडून त्यांवर स्वतःचे कुलूप आणि नावाची चिठ्ठी लावल्याशिवाय हात आत घालायचा नाही. याला कारखान्यात लॉकआउट-टॅगआउट म्हणतात. त्यामुळे असा दोष शोधण्यात सुट्या भागाच्या किमतीपेक्षा माणसाचे तासच जास्त जातात.

पुतळा कशाच्या जोरावर हलतो यावर त्याचे आजार ठरतात. 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात डिस्नेने खुर्चीतून उठून भाषण करणारा लिंकन उभा केला, तो हायड्रॉलिकवर. हायड्रॉलिकचा गुण असा की माणसाच्या मनगटात मावेल एवढ्या सिलिंडरमधून मोठा जोर मिळतो. दोष असा की तेलाला बाहेर यायचे असते. ओ-रिंग कडक होते, होजचे रबर वयाने तडकते, जोडणी सैल पडते. बारीक झिरप दाबाच्या गेजवर दिसतच नाही. ती आधी दिसते पुतळ्याच्या कोटावरच्या डागात. त्यामुळे कपडेपटातल्या माणसाचे आणि फिटरचे रोज बोलणे असणे ही गळती पकडण्याची स्वस्त आणि खात्रीची पद्धत आहे. तेल आत राहिले तरी ते स्वच्छ राहिले पाहिजे. सर्व्हो व्हॉल्व्हमधल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात. डोळ्याला न दिसणारा कचरा तिथे अडकला की हात थरथरतो किंवा एका बाजूला ओढला जातो. शिकाऊ माणूस सिलिंडर बदलतो. अनुभवी माणूस आधी फिल्टर उघडतो आणि तेलाचा नमुना तपासणीला पाठवतो.

हवेवर चालणारे पुतळे स्वच्छ आणि स्वस्त. 1963 मध्ये डिस्नेलँडमध्ये सुरू झालेल्या टिकी रूममधल्या पक्ष्यांच्या चोची हवेवर उघडमीट करत. हवा दाबली जाते, त्यामुळे मधल्या एखाद्या जागी नेमके थांबणे तिला जमत नाही. चोच उघडी किंवा मिटलेली एवढेच तिच्याकडून घ्यावे. तिचा शत्रू ओलावा. कॉम्प्रेसर दमट हवा ओढतो, नळीत पाणी साचते, व्हॉल्व्ह गंजतो. खोपोलीच्या घाटपायथ्याशी 2013 मध्ये इमॅजिका सुरू झाले. तिथल्यासारख्या पावसात एअर ड्रायर आणि पाणी काढण्याचे ड्रेन यांचे वेळापत्रक कोरड्या कॅलिफोर्नियाच्या पुस्तिकेवरून उचलून चालणार नाही.

अलीकडचा ओढा विजेच्या मोटरकडे आहे. डिस्नेलँडच्या लिंकनला 2009 मध्ये विजेवर चालणारे डोके मिळाले आणि 2017 मध्ये फ्लोरिडातल्या पँडोरा विभागात सुरू झालेल्या नावी रिव्हर जर्नीमधली गाणारी शामन विजेवरच चालते. हालचाल मऊ होते म्हणून लोक तिचे कौतुक करतात. मला तिचा मोठा गुण वेगळाच वाटतो: ही यंत्रणा दुखते तिथे सांगते. बेअरिंग जड होऊ लागले की तीच हालचाल करायला मोटर जास्त करंट घेते. रोजची नोंद ठेवली तर हा चढ बंद पडण्याच्या बराच आधी दिसतो आणि दुरुस्ती सोयीच्या रात्री लावता येते. नोंद ठेवली पण पाहिली नाही तर अर्थातच उपयोग शून्य. शिवाय बंद कवटीत मोटरा तापतात आणि गिअरबॉक्समध्ये हळूहळू ढिलाई येतेच.

या सगळ्यावर त्वचा चढते. सिलिकॉन ओठांच्या कोपऱ्यात आणि डोळ्यांभोवती फाटते, कारण तिथेच ते सर्वांत जास्त ताणले जाते. त्यावर साधा रंग धरत नाही, सिलिकॉनचाच रंग लागतो. त्वचेला टायरसारखाच झिजून बदलायचा माल मानावे आणि तिचा साचा जपावा. साचा हरवला की तो चेहरा कायमचा गेला.

काचेच्या भुतांना यातले काही नको. जॉन पेपर यांनी 1862 मध्ये लंडनमध्ये दाखवलेली तिरप्या काचेची युक्ती 1969 पासून डिस्नेलँडच्या हाँटेड मॅन्शनमध्ये चालू आहे. तिला हवे फडके आणि शिस्त. एक बल्ब ठरल्यापेक्षा प्रखर लावला की भूत पुसले जाते.

धुराचे प्रकरण एवढे निरुपद्रवी नाही. ग्लायकॉलच्या धुराचा चिकट थर काचांवर बसतो, तसा गाडीची जागा ओळखणाऱ्या प्रकाश-सेन्सरच्या भिंगावरही बसतो. मग देखाव्याच्या दोषाने सुरक्षेची यंत्रणा राइड थांबवू लागते आणि बिघाड भलत्याच खात्याच्या लॉगबुकात चढतो. द्रव नायट्रोजनचा थर बसत नाही, पण बंद जागेत तो ऑक्सिजनला हुसकावतो. तिथे ऑक्सिजन मोजणारा डिटेक्टर नसेल तर धुक्यात काम करणाऱ्याचा जीव धोक्यात असतो.

आता वेळेचा हिशेब. पार्क रात्री दहाला बंद झाले आणि सकाळी सातला रिकाम्या गाड्यांची चाचणी सुरू व्हायची असेल तर मधले नऊ तास कामाचे वाटतात. पण त्यातून पाणी उतरवणे, तेलाचा दाब काढणे, कुलपे लावणे, शिडी किंवा मचाण उभारणे आणि हे सगळे उलट क्रमाने आवरणे वजा करावे लागते. प्रत्यक्ष हात चालण्याचा वेळ किती उरतो हे फिटरच्या कौशल्यावर फारसे अवलंबून नसते. नकाशा काढताना कोणी पुतळ्यामागे दार ठेवले होते का, सिलिंडर ओढून काढायला जागा सोडली होती का, वर क्रेनचा हूक आहे का, यावर ते ठरते.

फ्लोरिडातल्या डिस्ने अ‍ॅनिमल किंगडममधला यती याचे सर्वांत महागडे उदाहरण आहे. एप्रिल 2006 मध्ये एक्सपिडिशन एव्हरेस्ट ही राइड सुरू झाली. शेवटच्या वळणावर सुमारे 25 फुटी यती गाडीवर झेपावत असे. काही महिन्यांतच त्याची झेप बंद करावी लागली. त्याच्यावर लुकलुकता प्रखर दिवा मारून हालचालीचा भास द्यायचा, हा पर्यायी मार्ग सुरू झाला. पार्कवाले याला बी मोड म्हणतात, आणि चाहत्यांनी यतीला डिस्को यती असे नाव ठेवले. दोष पायाच्या काँक्रीटशी निगडित असल्याचे माध्यमांत वारंवार आले. कंपनीने सविस्तर तांत्रिक अहवाल प्रसिद्ध केलेला नाही. कारण कोणतेही असो, अडचण उघड आहे. डोंगर, रूळ आणि यती यांचे सांगाडे एकमेकांत गुंतून उभे आहेत. यतीपर्यंत पोचायचे तर डोंगर उघडावा लागेल आणि चांगली चालणारी, गर्दी खेचणारी राइड दीर्घकाळ बंद ठेवावी लागेल. रचनाकार जो रोडी यांनी 2013 मध्ये चाहत्यांसमोर तो दुरुस्त करण्याचे आश्वासन दिले होते. 2021 मध्ये ते निवृत्त झाले तेव्हाही यती तसाच होता. गाड्यांमध्ये असा दोष असता तर त्या दिवशीच राइड बंद झाली असती.

उलट उदाहरण युनिव्हर्सलचे. 1990 मध्ये ऑर्लँडोत जॉज राइड सुरू झाली. पाण्याखालून शार्क यायचा, होडीला दातांत धरून फिरवायचा. पाण्यातली ही अवजड यंत्रणा टिकेना. इथे देखावा आणि होडी एकमेकांना जोडलेले असल्यामुळे भासाचा बी मोड शक्यच नव्हता. राइड बंद झाली, नव्याने आखली गेली, होडी पकडण्याची कल्पना सोडून शार्कला विजेच्या तारेवर मारण्याचा शेवट आला, आणि 1993 मध्ये उघडलेली ही राइड जानेवारी 2012 पर्यंत चालली. तिला पर्याय नव्हता म्हणून ती नीट झाली. यतीला पर्याय मिळाला आणि तोच त्याला नडला.

आगीबाबत मात्र कोणी भाबडे राहत नाही. 22 एप्रिल 2023 च्या रात्री डिस्नेलँडमधल्या फँटॅस्मिक या खेळात ज्वाळा ओकणारा ड्रॅगनच पेटला. कंपनीने जगभरच्या पार्कांतले तशा प्रकारचे अग्निप्रयोग तात्पुरते थांबवले. मे 2024 मध्ये खेळ परतला तो ड्रॅगनशिवाय. ज्वाळेला ज्योत-सेन्सर, आपोआप बंद होणारा गॅस व्हॉल्व्ह आणि वाऱ्याची मर्यादा असते आणि अट मोडली की ती पेटतच नाही. म्हणजे देखाव्याला थांबण्याचा नियम लावता येतो. तो फक्त जिथे भाजण्याची भीती आहे तिथेच लावला जातो.

हाच नियम सौम्य रूपात प्रत्येक मुख्य पुतळ्याला लावावा. कोणत्या हालचाली गेल्या तर राइड त्या दिवशी उघडायची नाही आणि कोणता पर्यायी मार्ग किती दिवस चालवायचा, हे उद्घाटनाआधी कागदावर ठरवावे. मुदत संपली की राइड बंद करण्याचा अधिकार देखभाल प्रमुखाकडे असावा, तिकीट खिडकीचा हिशेब पाहणाऱ्याकडे नसावा. आपल्याकडे परदेशी पुतळे आणि यंत्रणा विकत घेणाऱ्या पार्कांनी किमतीची घासाघीस करण्याआधी विक्रेत्याकडे त्वचेचे साचे, पूर्ण ड्रॉइंग, नियंत्रण प्रोग्रामची प्रत आणि पुतळ्यामागचे दार मागावे.