मिठाचं इंजेक्शन आणि रक्ताचा एक फेरा

संध्याकाळी परभणी स्टेशनवर देवगिरी एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबई. धरा बारा तास. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

रक्त शरीरात गोल फिरतं, हे विल्यम हार्वेनं १६२८ साली मांडलं. पण एका फेऱ्याला वेळ किती लागतो? जर्मनीतल्या हेरिंगनं यावर एक युक्ती काढली. घोड्याच्या मानेतल्या एका शिरेत त्यानं पोटॅशियम फेरोसायनाइड हा क्षार टोचला आणि दुसऱ्या बाजूच्या शिरेतून दर काही सेकंदांनी रक्त काढलं. त्यात लोहाचा क्षार टाकला की ज्या नमुन्यात तो पोचलाय, तो निळा! उत्तर आलं: साधारण अर्धा मिनिट. हे प्रसिद्ध झालं १८२९ मध्ये.

पण माणसाचं काय? त्याचं रक्त असं सारखं कोण काढणार? १९२० च्या दशकात बोस्टनच्या ब्लमगार्ट या डॉक्टरनं मिठाच्या पाण्यात अगदी थोडा किरणोत्सर्गी पदार्थ मिसळला, एका हातात टोचला आणि दुसऱ्या हाताजवळ यंत्र लावलं. निरोगी माणसात सरासरी १८ सेकंद. हृदय थकलेल्यांत जास्त. म्हणजे नुसत्या वेळेवरून आजार कळायला लागला.

आपल्याकडे तुर्भ्याला ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली, आणि १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. अशा तपासण्यांत आज बहुतेक वेळा टेक्नेशियम वापरतात. त्याचा क्षार रुग्णाच्याच लाल पेशींना चिकटवला की हृदय किती जोरात पंप करतंय, ते गामा कॅमेऱ्यात दिसतं.

आता तो बारा तासांचा आकडा. टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं. मुंबईत भरलेली सुई देवगिरीनं परभणीला आणली, तर उरणार फक्त पाव! म्हणून सुई नाही, त्याची ‘गाय’ पाठवतात. मॉलिब्डेनम ६६ तासांत, म्हणजे पावणेतीन दिवसांत, निम्मं होतं आणि त्यातून टेक्नेशियम बनत राहतं. दवाखान्यात सलाइननं धुवायचं, की ताजा क्षार हातात. याला खरंच ‘दूध काढणं’ म्हणतात बरं का!

तेव्हा घरात कुणाला ‘किरणोत्सर्गी इंजेक्शन’ सांगितलं, तर घाबरून तपासणी टाळू नका. डॉक्टरांना विचारा: कोणता पदार्थ, आणि किती तासांत निम्मा होतो? जो गुण गावापर्यंत पोचायला आड येतो, त्याच गुणामुळे तो शरीरातही फार काळ टिकत नाही.

भेटू पुढच्या भागात!