साहित्यातील कूटरचना आणि तिचा प्रभाव : ऑसियन व चेक हस्तलिखिते

प्रस्तावना

एखाद्या लेखकाने स्वतःची रचना प्राचीन कवीच्या नावावर खपवणे, यास साहित्यातील कूटरचना म्हणता येईल. प्रक्षेपाहून ती भिन्न आहे. प्रक्षेपात मूळ ग्रंथ अस्तित्वात असतो व त्यात मागाहून भर पडते; संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती असे अपपाठ दूर करण्यासाठी. कूटरचनेत मात्र मूळ म्हणून दाखवला जाणारा ग्रंथच कल्पित असतो. अशी रचना उघडकीस आली म्हणजे तिचे महत्त्व संपते, असा सर्वसाधारण समज आहे. युरोपातील दोन प्रकरणांच्या आधारे हा समज तपासून पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

ऑसियनची काव्ये

स्कॉटलंडमधील जेम्स मॅकफर्सन याने १७६० ते १७६३ या काळात काही गद्यकाव्ये प्रसिद्ध केली. तिसऱ्या शतकातील ऑसियन या कवीच्या गेलिक काव्यांचे हे इंग्रजी भाषांतर होय, असा त्याचा दावा होता. एडिंबरो येथील ह्यू ब्लेअर यांनी त्याचे समर्थन केले. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी मात्र मूळ हस्तलिखिते दाखवा, अशी मागणी लावून धरली. ती हस्तलिखिते कधीच पुढे आली नाहीत. हायलँड सोसायटीच्या समितीने १८०५ मध्ये दिलेला अहवाल उद्बोधक आहे. ऑसियनविषयक गीते लोकपरंपरेत खरोखरच होती. परंतु मॅकफर्सनच्या काव्यांशी तंतोतंत जुळणारे एकही काव्य समितीला आढळले नाही. तात्पर्य, अस्सल लोकगीतांचे धागे घेऊन त्याने स्वतःचे वस्त्र विणले होते.

तोपर्यंत या काव्यांचा प्रभाव सर्वदूर पसरला होता. १७७४ च्या ‘वेर्थर’ या कादंबरीत गटेने ऑसियनमधील उतारे समाविष्ट केले. हेर्डर यांनी १७७३ मध्ये ऑसियनवर निबंध लिहिला आणि पुढे लोकगीतांचा प्रसिद्ध संग्रह सिद्ध केला. लोकसाहित्याच्या अस्सल संकलनास एका कूटरचनेने चालना द्यावी, हा इतिहासातील विरोधाभास होय.

चेक हस्तलिखिते

ऑसियनमुळे प्रत्येक राष्ट्रास आपलेही प्राचीन वीरकाव्य असावे, असे वाटू लागले. बोहेमियात ही उणीव व्हाक्लाव्ह हांका याने भरून काढली. १८१७ मध्ये द्वूर क्रालोव्हे येथे आपणास मध्ययुगीन हस्तलिखित सापडल्याचे त्याने जाहीर केले. पुढच्याच वर्षी राणी लिबुशेच्या न्यायनिवाड्याचे वर्णन करणारे दुसरे हस्तलिखित निनावी पत्रासह प्रागला पोहोचले. हांकाचे गुरू योसेफ दोब्रोव्स्की यांनी हे दुसरे हस्तलिखित बनावट ठरवले. पण जर्मन भाषेच्या वर्चस्वाखाली असलेल्या समाजाला ते मत रुचले नाही. १८८१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचे उद्घाटन झाले, ते स्मेतानाच्या ‘लिबुशे’ या संगीतिकेने.

१८८६ मध्ये भाषाशास्त्रज्ञ यान गेबाउअर यांनी या हस्तलिखितांतील भाषारूपे जुन्या चेक व्याकरणाशी जुळत नसल्याचे दाखवून दिले. प्राध्यापक टोमाश मासारिक यांनी आपल्या नियतकालिकातून हा वाद चालवला. राष्ट्राचा अभिमान असत्यावर उभा राहू नये, ही त्यांची भूमिका होती. राष्ट्रद्रोहाचे आरोप त्यांनी सहन केले. हेच मासारिक १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

निष्कर्ष

या विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, कूटरचना प्राचीन काळाविषयी काही सांगत नसली, तरी ती ज्या काळात रचली गेली त्या काळाच्या आकांक्षांचा विश्वसनीय पुरावा असते. दोन, तिच्यापासून स्फूर्ती घेऊन निर्माण झालेले साहित्य व संगीत अस्सलच असते. उगम खोटा ठरल्याने त्याचे मोल कमी होत नाही. तीन, तिच्या तपासणीतूनच भाषिक पुराव्याची कसोटी अधिक काटेकोर होत गेली. तथापि प्रभाव मोठा म्हणून पुरावाही खरा, असे मानता येत नाही. रसिकाने काव्याचा आस्वाद जरूर घ्यावा. अभ्यासकाने मात्र लोकमत प्रतिकूल असतानाही मूळ प्रत मागितली पाहिजे. जॉन्सन, दोब्रोव्स्की व गेबाउअर यांच्या कार्याचे मर्म हेच आहे.