मुक्या रोग्यांचे वैद्य



पशुवैद्यक आणि होमिओपॅथी हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने बोलायला घ्यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु जेथे रोग्याला बोलता येत नाही, औषधाचा भार गरिबावर पडतो आणि उपचाराचा अधिकार कोणाचा यावरून वैद्यांत वाद होतो, तो प्रश्न आमच्या चळवळीला परका नाही. आज जेथे नवी मुंबई उभी आहे, तेथे 1970 साली सिडको स्थापन होण्यापूर्वी भातखाचरे, मिठागरे आणि खाडीकाठची गावे होती. ऐन पेरणीत बैल मेला की त्या घराचे वर्ष बुडे. अशा वेळी धावून येई तो गावातला जाणता, फिरता वैदू किंवा घोड्यांचा सालोत्री. झाडपाला आणि तापल्या लोखंडाचा डाग ही त्यांची मुख्य साधने होती.

शिकलेला पशुवैद्य आपल्याकडे आला तो परळला. सर दिनशा माणेकजी पेटिट या गिरणीमालकांच्या देणगीतून तेथे बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय झाले. गिरणगाव त्याला आजही ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणून ओळखतो. त्याला लागून 1886 साली मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. शहराला त्याची गरजही होती, कारण 1874 साली मुंबईत ट्राम सुरू झाली ती ओढण्यासाठीच कंपनीने 900 घोडे ठेवले होते. याच परळमध्ये 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारकडे धाडले. कामगाराला सही करता आली, निदान अंगठा उठवता आला. पलीकडच्या दवाखान्यातल्या बैलाला तेही शक्य नव्हते. त्याच्या वतीने साक्ष कोणी द्यायची, हाच पशुवैद्यकाचा मूळ प्रश्न आहे.

होमिओपॅथीने या प्रश्नात लक्ष घातले ते परळच्याही आधी, जर्मनीतील लाइपझिग शहरात. हानेमानने 1796 साली आपला सिद्धांत मांडला. काट्याने काटा काढावा, तसे जे द्रव्य निरोग्यात एखादे लक्षण उत्पन्न करते, त्याच द्रव्याच्या अल्प मात्रेने ते लक्षण रोग्यात शमते, असे त्याचे म्हणणे. जनावरांनाही हाच नियम लागू आहे, असे त्याने सांगितले. त्याच शहरातला पशुवैद्य विल्हेल्म लुक्स याच्याकडे फाशी आणि शेंब्या या रोगांवर औषधाची मागणी आली. त्याने रोगी जनावराचेच रक्त आणि शेंबूड शंभरपटीने तीस वेळा पातळ करून देण्याचा उपाय सुचवला, आणि 1833 साली त्यावर ग्रंथही लिहिला.

आज यास हसणे सोपे आहे. प्रत्येक पायरीस शंभरपट पातळ करीत गेल्यास बाराव्या पायरीच्या पुढे मूळ द्रव्याचा एक अणूदेखील उरण्याचा संभव नाही, हे आपण गणिताने जाणतो. पण त्या काळचा दुसरा वैद्य काय करीत होता? भडाभडा रक्त काढणे, जुलाब देणे आणि डागणे. त्या छळापेक्षा निरुपद्रवी थेंब बरे, असे गोठ्याच्या मालकाला वाटले, तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही.

खरी कसोटी लागली ती बुळकांडीच्या वेळी. 1865 साली ही साथ इंग्लंडात शिरली, तेव्हा होमिओपॅथीचे उपचार करून पाहण्यासाठी तेथे एक स्वतंत्र संस्थाच निघाली. साथ हटली नाही. अखेर 1866 साली कायदा करून रोगी जनावरे मारावी लागली, तेव्हा ती आटोक्यात आली. हिंदुस्थानात या साथींच्या अभ्यासासाठी 1889 साली पुण्यात शाही जंतुशास्त्र प्रयोगशाळा स्थापन झाली व 1893 साली ती हिमालयातील मुक्तेश्वरला हलवली गेली. तेथे एडवर्ड्सने 1920 नंतरच्या दशकात बकऱ्यांवरून नेलेल्या विषाणूची लस सिद्ध केली. 1954 साली राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली, आणि गोठ्यागोठ्यात जाऊन लस टोचणाऱ्या हजारो हातांनी हे काम केले. 2006 साली भारत आणि 2011 साली सारे जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. हा विजय संघटित सार्वजनिक श्रमाचा होता.

मग होमिओपॅथी अजून टिकून का आहे? कारण आर्थिक आहे. गाईला दगडी होऊन कास सुजली आणि प्रतिजैविक दिले, तर काही दिवसांचे दूध ओतून द्यावे लागते. गवळ्याची ती रोजची मजुरी असते. शिवाय प्रतिजैविकांच्या बेसुमार वापराने जंतू निर्ढावतात, ही भीती खरी आहे. युरोपीय संघाने 1999 साली सेंद्रिय पशुपालनाच्या नियमांत होमिओपॅथीला पसंती दिली ती अशा विचारानेच. या उपचाराचे पशुवैद्य 1986 साली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापून एकत्र आले.

त्यांचा एक आवडता युक्तिवाद असा: ‘जनावराला श्रद्धा नसते, म्हणून गुण आला तर तो औषधाचाच.’ गाईला श्रद्धा नसेल, पण गाईकडे पाहणाऱ्या मालकाला आणि वैद्याला ती असते. शिवाय पुष्कळशी सूज आपोआप उतरते. म्हणून कोणाला काय दिले हे झाकून मोजावे लागते. नॉर्वेत दगडी झालेल्या 57 गाईंवर असा प्रयोग झाला. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत होमिओपॅथी आणि औषधशून्य मात्रा यांत लक्षणीय फरक दिसला नाही. 2010 साली हॉलंडमधल्या डुकरांच्या पिलांवरील एका प्रयोगात हगवणीवर अनुकूल फळ दिसले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण अशा एकट्या प्रयोगावर सिद्धांत उभा राहत नाही. ब्रिटनच्या पशुवैद्यांच्या राजमान्य संस्थेने 2017 साली पुराव्याअभावी या उपचाराविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली.

आपल्याकडे कायद्याची रेघ निराळी आहे. महाराष्ट्रातील होमिओपॅथांची नोंदणी 1959च्या कायद्याने होते, परंतु ती माणसांवरील उपचारांपुरती. जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार 1984च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने नोंदणीकृत पदवीधरास दिला आहे. इतरांना त्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवाच करता येतात. नोंदवही ही कोणत्याही पेशाची ताकद असते, हे मी संघटनेत शिकलो. पण केवळ वही बंद करून भागत नाही. मध्यरात्री गाय अडली आणि पदवीधर पंचवीस कोसांवर असला, तर पशुपालक जो भेटेल त्याचा दरवाजा ठोठावणारच.

म्हणून माझे म्हणणे दोन बाजूंना आहे. होमिओपॅथांनी आपला दावा उघड मोजणीस लावावा आणि साथीच्या रोगात लसीची जागा घेऊ नये. पदवीधरांनी आणि सरकारने गोठ्यापर्यंत पोहोचणारा, परवडणारा दवाखाना उभारावा. नवी मुंबईत आज बैलांपेक्षा कुत्र्या-मांजरांचेच रोगी अधिक, पण तेही मुकेच आहेत. जनावर निवेदनावर सही करीत नाही. त्याची सही म्हणजे आपण प्रामाणिकपणे ठेवलेला हिशेब. तो ज्याला नको असेल, त्याच्या हाती आपले जनावर देऊ नका.