भातावरील करपा : डीएनएवरून बुरशीची ओळख

भात, नाचणी, गहू आणि बांधावरचे गवत ही सारी तृणकुळातील भावंडे. त्यामुळे त्यांच्यावरील रोगही बऱ्याचदा एकाच घराण्यातील बुरशींपासून उद्भवतात. पेडणे तालुक्यातील खाजन जमिनींत कोरगूट भात होते, तर डिचोलीत सरद आणि वायंगण असे दोन्ही हंगाम घेतले जातात. दमट हवा, पानांवर रेंगाळणारे दव आणि नत्रखताचा अतिरेक असला की भातावर करपा बळावतो. पानांवर मध्ये राखाडी व कडेने तपकिरी असे चातीच्या आकाराचे ठिपके पडतात. रोग लोंबीच्या मानेवर गेला, तर दाणे पोचट राहतात.

या रोगाची बुरशी म्हणजे पायरिक्युलॅरिया ओरायझी. तिचे बीजाणू पेअरच्या फळासारखे निमुळते आणि तीन पेशींचे असतात. डिजिटेरिया वंशातील तणावर आढळणाऱ्या बुरशीचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तसेच दिसतात. म्हणून दोन्हींची गणना दीर्घकाळ एकाच जातीत होत असे. २००२ मध्ये तीन जनुकांच्या क्रमवारीची तुलना करण्यात आली आणि भातावरील बुरशी ही वेगळी जात असल्याचे सिद्ध झाले. तणावरील बुरशीकडे पायरिक्युलॅरिया ग्रिसिया हे जुने नाव राहिले.

तपासणीची रीत अशी : रोगट पानाचा तुकडा निर्जंतुक करून त्यावरील बुरशी एका बीजाणूपासून वाढवतात. तिचा डीएनए वेगळा काढून ठराविक भागाच्या असंख्य प्रती करतात आणि त्यातील अक्षरक्रम वाचून जागतिक संग्रहाशी ताडून पाहतात. २०१२ मध्ये ‘आयटीएस’ हा भाग बुरशींच्या ओळखीचा सर्वमान्य आधार ठरला. मात्र जवळच्या जाती वेगळ्या करण्यास तो अनेकदा अपुरा पडतो. तेव्हा ॲक्टिन, ट्युब्युलिन यांसारखी जनुकेही वाचावी लागतात. संग्रहातील एखादी नोंद मुळातच चुकीच्या नावाची असेल, तर निष्कर्षही चुकतो. म्हणून अधिकृत नमुन्याशी केलेली तुलनाच ग्राह्य मानली जाते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे.

या वर्गीकरणाला व्यवहारात मोठा अर्थ आहे. २०१६ मध्ये बांगलादेशात गव्हावर अचानक करपा पडला आणि सुमारे १५ हजार हेक्टरवरील पीक बाधित झाले. ही बुरशी तेथील भातावरून गव्हावर आली नव्हती. ती दक्षिण अमेरिकेतील गव्हावरील वंशाची होती, हे जनुकीय क्रमावरूनच उघड झाले. पायरिक्युलॅरिया ओरायझीच्या पोटात भात, नाचणी आणि गहू यांना बाधणारे असे निरनिराळे वंश आहेत. शेजारच्या नाचणीवर करपा दिसला म्हणून तो भातावर उतरेलच, असे गृहीत धरता येत नाही. रोगप्रतिकारक वाणाची निवडही त्या भागात कोणता वंश वावरतो, यावर अवलंबून असते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने पहिला भेद याहून साधा आहे. पानाच्या कडेने पिवळसर पट्टे वाळत जाणारा कडा करपा जिवाणूजन्य असतो. त्यावर बुरशीनाशक फवारणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय. संशय असल्यास फवारणीपूर्वी विभागीय कृषी कार्यालयाचा किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेचा सल्ला घेणे हिताचे ठरते. नमुना कागदी पिशवीत न्यावा. प्लास्टिकमध्ये पान कुजते, त्यावर इतर बुरशी वाढतात आणि मूळ रोगकारकाची ओळख हरवते.