दोर ओढण्याआधी

‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचार आपण निश्चय सांगायला वापरतो. त्याच्यामागे १६७० सालच्या सिंहगडाची, परंपरेनं चालत आलेली कथा आहे. तानाजी पडल्यावर माघारी पळणाऱ्या मावळ्यांना सूर्याजीनं अडवलं आणि कड्यावरचे दोर कापल्याचं सांगितलं, अशी ती कथा. या पुस्तिकेचा विषय असलेल्या खेळात हा वाक्प्रचार शब्दशः खरा होतो, तोही एकाच दिवसात चार-पाच वेळा. घळीतला एक टप्पा सगळे जण उतरले, की खालून दोर ओढून घ्यायचा आणि तोच पुढच्या टप्प्याला लावायचा. दोर खाली आला, की मागचा कडा भिंत होतो. त्यानंतर घरी जायची वाट फक्त पुढे असते.

डोंगरात बऱ्यापैकी फिरलेल्या माणसालाही हे नीट समजून घ्यावं लागतं. गड चढताना दम संपला, पाऊस आला, कुणाचा पाय मुरगळला, तर आलेल्या वाटेनं उतरता येतं. घळीत हिशेब उलटा असतो. सुरुवात सोपी, ताजी, उताराची आणि अवघड ते सगळं शेवटी, अंग ओलं आणि हात थकलेले असताना. म्हणून इथली महत्त्वाची कौशल्यं दोरावर लटकायच्या आधीची आहेत. या प्रस्तावनेत मला मुख्यतः तेवढंच सांगायचं आहे.

आधी नावाबद्दल. अमेरिकेत याला कॅन्यनिअरिंग म्हणतात, युरोपात कॅन्यनिंग, दक्षिण आफ्रिकेत क्लूफिंग. मराठीत खेळाला रुळलेलं नाव नाही, पण जागांना शब्दांची वाण नाही. घळ, नाळ, नळी, दरी, खिंड, कुंड, डोह, रांजणखळगा, धबधबा हे सगळे शब्द वाटाड्यांच्या आणि गुराख्यांच्या तोंडचे आहेत. प्रत्येक शब्द पाण्यानं दगडाचं काय केलं ते वेगळं सांगतो. आम्ही खेळाला कॅन्यनिंगच म्हटलं आहे आणि जागांची नावं गावाकडून घेतली आहेत.

या खेळाच्या इतिहासात फ्रेंच गुहासंशोधक एदुआर-आल्फ्रेड मार्तेल याचं नाव पहिल्या ओळीत येतं. १९०५ मध्ये त्यानं व्हर्दों नदीची खोल घळ पार केली. तो पाण्याची पाहणी करायला गेला होता, खेळायला नव्हे. त्याच्या तुकडीत रुगॉन या तिथल्याच गावचे शाळामास्तर इझिदोर ब्लां होते. आज त्या घळीतल्या पायवाटेला ब्लां आणि मार्तेल या दोघांचं नाव आहे. बाहेरून आलेला जाणकार आणि गावचा माणूस यांची ही जोडी मला या विषयाच्या मुळाशीच दिसते.

आता आपला सह्याद्री. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले आणि दख्खनचा हा पायऱ्यापायऱ्यांचा प्रदेश तयार झाला. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ‘ट्रॅप’ हा शब्दही जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरूनच आला आहे. ओढा या जिन्यावरून उतरतो तेव्हा प्रत्येक पायरीला एक धबधबा होतो आणि त्याच्या पायाशी एक कुंड. दोन थरांमध्ये कधी मऊ, लालसर मातीचा पट्टा असतो. तो लवकर झिजतो, वरचा कातळ पुढे लोंबतो आणि उतरणाऱ्याचे पाय भिंतीपासून सुटून तो अधांतरी होतो. आमच्याकडे बोल्ट मारण्याआधी कातळावर हातोडी वाजवून पाहतात. आवाज खणखणीत आला तर दगड सलग असतो. पोकळ आला तर जागा सोडायची. भूगर्भशास्त्र इथे असं कानानं शिकावं लागतं.

अकोले तालुक्यातल्या साम्रदजवळची सांधण दरी हे अशा घळीचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण. तिचं तोंड पठारावर, शेपूट कोकणच्या बाजूला. भिंती इतक्या जवळ येतात, की दुपारीही तळाशी सावली राहते. कुंडांतलं पाणी हंगामाप्रमाणे कमी-जास्त होतं. दिवाळीत छातीला लागलेलं कुंड होळीला गुडघ्यावर येऊ शकतं. नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणवणारं घाटघर इथून जवळच आहे, हे लक्षात ठेवलं, की पावसाळ्यात या फटीत का उतरायचं नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. कातळ पाणी पीत नाही. वरच्या अंगाला पडलेलं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातच येतं.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. २७ जुलै १९९९ रोजी स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनजवळ झाक्सेटनबाख ओढ्याच्या घळीत वादळी पावसाचा लोंढा आला आणि २१ जण गेले. त्यांत तीन मार्गदर्शकही होते. ऑगस्ट २०१८ मध्ये इटलीतल्या रागानेल्लो घळीत अशाच लोंढ्यानं दहा जणांचा जीव घेतला. लोंढ्याला डोक्यावर पाऊस लागत नाही, तो दूर वरच्या अंगाला पडला तरी पुरतो. अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानात नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफूट, म्हणजे साधारण ४,२५० लिटरच्या वर गेला, की ‘नॅरोज’ ही घळ बंद करतात. आपल्या ओढ्यांवर असं मोजमाप नाही. आपलं मोजमाप म्हणजे वरच्या वाडीतला माणूस.

एका नोव्हेंबरातली गोष्ट. आम्ही आठ जण, सगळी तयारी करून, घळीच्या तोंडाशी उभे होतो. डोक्यावर निळं आभाळ. बरोबर आलेले गावातले मामा घाटमाथ्याकडे बघत म्हणाले, “आज नगं दादा. वरल्या अंगाला गडद झालंय.” आमच्यातल्या दोघांनी कुरकुर केली. मोबाइलवरचा अंदाज कोरडा होता. आम्ही परत फिरलो आणि मामांच्या घरी पिठलं-भाकरी खाल्ली. त्या दिवशी पुढे काय झालं हे मी मुद्दाम सांगत नाही. पाऊस आला असता तर निर्णय बरोबर आणि नसता आला तर चूक, अशी सवय लागली, की माणूस घळीत टिकत नाही. हातात होती तेवढ्या माहितीवर तो निर्णय बरोबर होता.

प्रस्तरारोहण शिकून आलेल्यांना इथे काही सवयी सोडाव्या लागतात. कोरड्या कड्यावर दोराच्या शेवटाला गाठ मारतात, म्हणजे उतरणारा टोकावरून निसटत नाही. खाली खोल डोह असेल आणि वरून धबधबा कोसळत असेल, तर तीच गाठ डिसेंडरमध्ये, म्हणजे दोरावरून उतरायच्या साधनात, अडकून माणसाला पाण्याखाली धरून ठेवते. म्हणून तिथे दोर पाण्याला जेमतेम टेकेल एवढाच सोडतात आणि टोक मोकळं ठेवतात. कोरड्या भिंतीवर कुणाचा शर्ट किंवा केस डिसेंडरमध्ये अडकले, तर सोडवायला थोडी उसंत मिळते. धारेखाली ती मिळत नाही, कारण तिथे श्वासच घेता येत नाही. त्यासाठी दोर अँकरला पक्का न बांधता, भार असतानाही वरून सैल करता येईल असा लावतात. माणूस अडकला, की वरचा साथीदार त्याला दोरासकट खाली सोडतो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे पट्टीचा पोहणाराही नीट तरंगत नाही. आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर चौपट होतो. पोटरीएवढं पाणी माणसाला पाडतं ते यामुळे.

हे सगळं पुढच्या प्रकरणांत आकृत्यांसह आहे. गाठी, अँकर, शिट्टीच्या खुणा, ओल्या अंगाला भरणारी थंडी, जखमीला हलवणं, असा क्रम ठेवला आहे. पण केवळ वाचून घळीत उतरू नका. पोहणं जसं पुस्तकातून येत नाही, तसंच हेही. पहिले काही रविवार गावाबाहेरच्या वीस-पंचवीस फुटी कोरड्या कातळावर जातील. तीच गाठ डोळे मिटून, ओल्या हातांनी, पन्नासदा मारावी लागेल. कंटाळा येईल, आणि तो यायलाच हवा. हाताला इतकी सवय झाली, की डोकं आभाळाकडे बघायला मोकळं राहतं.

महाराष्ट्रात हे ज्ञान गिर्यारोहण मंडळांतून पसरत आलं आहे. कुणी नोकरी सांभाळून शनिवारी रात्रीची एसटी पकडतो, कुणी स्वतःच्या खिशातून दोर घेतो आणि अपघात झाला, की हीच मंडळी, लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांतून, अंधारात दरीत उतरतात. नव्या माणसाला इथे फी विचारण्याआधी चहा विचारतात. त्या बदल्यात अपेक्षा एकच. शिकलात, की पुढच्याला शिकवा. वाडीशी नातंही असंच राखायचं. तिथल्या कोळी, ठाकर कुटुंबांकडे जेवावं, त्यांचा वाटाड्या घ्यावा, त्यांच्या पाण्याच्या कुंडात साबण नेऊ नये आणि त्यांचा ‘नको’ शेवटचा मानावा.

आमच्या गटात एक रीत आहे. शेवटचा गडी खाली आला, की दोराला हात घालण्याआधी तो विचारतो, “ओढू का?” उत्तर आधी सर्वांत नव्या सभासदानं द्यायचं. जुन्या माणसांना सवयीनं सगळं ठीक वाटू लागतं. नव्याला भीती वाटत असते आणि कधी कधी त्या भीतीला काहीतरी दिसलेलं असतं. त्यानं “थांबा” म्हटलं, तर सगळे थांबतात. वरची गाठ, मागचं पाणी, मोजलेली डोकी, हे सगळं पुन्हा तपासतात. कुणी हसत नाही.

तुम्ही आमच्याकडे याल, तेव्हा पहिल्याच दिवशी हे काम तुमच्याकडे येईल.