तुटणारी जोडणी, टिकणारे काम : टर्मिनल मल्टिप्लेक्सरचा इतिहास
युनिक्स प्रणालीवर दुरून काम करणारे अनेक वापरकर्ते पूर्वी मोडेमद्वारे दूरध्वनीच्या तारेने संगणकाशी जोडलेले असत. तार तुटली की प्रणाली चालू आज्ञावल्यांना ‘हँगअप’ हा संकेत पाठवी आणि तासन्‌तास चाललेले काम बहुधा तेथेच संपुष्टात येई. कामाचे आयुष्य जोडणीवर अवलंबून होते.

१९८७ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील ऑलिव्हर लाउमान व कार्स्टेन बोरमान यांनी ‘स्क्रीन’ ही आज्ञावली सिद्ध केली. एका टर्मिनलवर अनेक सत्रे चालविणे हा तिचा एक उपयोग होय. परंतु तिचे खरे महत्त्व सत्र टिकवून ठेवण्यात आहे. दूरच्या संगणकावरील मध्यस्थ प्रक्रिया सत्रे सांभाळते. वापरकर्त्याचे टर्मिनल केवळ तिच्याशी जोडले जाते. जोडणी तुटली तरी काम चालू राहते व पुन्हा जोडून घेता येते. २००७ मध्ये निकोलस मॅरियट यांनी हेच तत्त्व ‘टीमक्स’मध्ये नव्याने मांडले, २००९ च्या ओपनबीएसडी ४.६ मध्ये त्याचा मूळ प्रणालीत समावेश झाला.

दूरचा संगणकच बंद पडल्यास ही सत्रे नष्ट होतात, ही या साधनांची मर्यादा होय. तथापि काम आणि जोडणी यांची फारकत करणे, हेच त्यांचे ऐतिहासिक योगदान म्हणावे लागेल.