दाखला कुणाच्या हातात?

पोस्ट थोडी मोठी आहे, पण सवडीनं वाचा. विषय अमेरिकेचा वाटेल, शेवटी आपल्याच दारात येतो.

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर एका मित्राचा मेसेज आला. त्याची मुलगी अमेरिकेत शिकते आणि कॉलेजच्या संघातून फुटबॉल खेळते. तिकडं त्याला सॉकर म्हणतात. ‘पोरगी कॉलेज बदलतेय, पोर्टलमध्ये नाव घातलंय,’ एवढंच त्यानं लिहिलं. पाच मिनिटांत उत्तरं सुरू झाली. ‘काढून टाकलं का रे?’ ‘आजकालच्या पोरांना दम म्हणून नाही.’ ‘ज्यांनी घडवलं त्यांनाच सोडून निघाली?’ एकानं तर आपल्या कोल्हापूरचा दाखला दिला. हंगामाच्या तोंडावर एखादा पोरगा या तालमीतून त्या तालमीत गेला की पेठेत काय काय बोललं जातं, ते आपल्याला माहीत आहेच.

मी मित्राला फोन केला. भानगड साधी होती. ज्या प्रशिक्षकानं तिला निवडून नेलं, तोच जास्त पगारावर दुसऱ्या कॉलेजात गेला. नव्या प्रशिक्षकाला वेगळ्या पद्धतीचा संघ हवा आहे, त्यात हिला जागा नाही. प्रशिक्षक गेला तेव्हा त्याला कुणी गद्दार म्हटलं नाही, उलट अभिनंदन केलं. पोरगी निघाली तर निष्ठेचा प्रश्न आला.

त्या दिवसापासून या नियमांचा इतिहास पुन्हा चाळतोय. त्यातलं थोडं इथं मांडतो.

अमेरिकेत कॉलेजचा खेळ चालवणारी मुख्य संघटना म्हणजे एनसीएए. तिचा जन्म १९०६ चा. त्यांच्या त्या हाणामारीच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये पोरं मैदानात मरत होती, म्हणून १९०५ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॉलेजवाल्यांना व्हाइट हाऊसवर बोलावून घेतलं होतं. त्या गदारोळातून ही संघटना उभी राहिली. म्हणजे सुरुवात खेळाडूचा जीव वाचवण्यापासून झाली. पुढं खेळात पैसा आला आणि संघटनेचं लक्ष दुसरीकडं वळलं.

१९५५ मध्ये कोलोरॅडो राज्यातल्या एका छोट्या कॉलेजचा रे डेनिसन नावाचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या विधवेनं कामगाराला मिळते तशी नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती नाकारली. कारण काय, तर कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही. त्याच काळात एनसीएएनं ‘स्टुडंट-ॲथलीट’ हा शब्द रूढ केला. खेळाडू कामगार ठरू नये, हा त्यामागचा हिशेब होता. हा माझा आरोप नाही. ज्यांच्या कारकिर्दीत हा शब्द आला, त्या वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर १९९५ मध्ये पुस्तक लिहून ही कबुली दिली.

शब्द छोटा आहे, पण त्याचं वजन बघा. युरोपात धंदेवाईक फुटबॉलपटूलाही क्लब बांधून ठेवायचे. इंग्लंडमध्ये तर करार संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी आपल्याकडं ठेवू शकत असे. जॉर्ज ईस्टहॅमनं न्यूकॅसल क्लबशी भांडण काढलं, काही महिने खेळ सोडून कॉर्क विकायचं काम केलं आणि अखेर आर्सेनलला गेला. पण खटला सोडला नाही. १९६३ मध्ये न्यायालयानं सांगितलं, माणसाच्या रोजगारावर असं अवाजवी बंधन घालता येणार नाही. पुढं बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मानचा खटला झाला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयानं निकाल दिला आणि करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात जाताना पैसे मागायची पद्धत बंद पडली. दोघांची बाजू एकच होती: मी कामगार आहे, मला काम बदलू द्या.

अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळाडूला हेच म्हणता येत नव्हतं, कारण तो कामगार नव्हताच ना! तो ‘विद्यार्थी’. आणि विद्यार्थी म्हणून मोकळेपणानं कॉलेज बदलायला जावं, तर तेव्हा तो ‘खेळाडू’.

त्यात १९७३ मध्ये आणखी एक बदल झाला. क्रीडा शिष्यवृत्ती चार वर्षांची असायची, ती एकेका वर्षाची केली. दरवर्षी नूतनीकरण. जवळपास ४० वर्षं हेच चाललं. २०१२ मध्ये पुन्हा अनेक वर्षांची शिष्यवृत्ती द्यायला परवानगी मिळाली. म्हणजे इतकी वर्षं कॉलेजची बांधिलकी एका वर्षाची आणि खेळाडूकडून अपेक्षा मात्र चार वर्षांच्या निष्ठेची.

आता सॉकरकडं येऊ. कॉलेज बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसायचं, हा नियम अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल यांसारख्या मोठ्या खेळांत कडक होता. सॉकर आणि इतर बहुतेक खेळांत एकदा बदलायची सवलत होती. वरवर बघता उदारपणाच. पण मेख होती सोडपत्रात. जुन्या कॉलेजनं हरकत नाही असं लिहून दिलं तरच ही सवलत. नाही दिलं तर दुसऱ्या कॉलेजच्या प्रशिक्षकानं त्या खेळाडूशी बोलायचंही नाही, आणि तिथं गेल्यावर एक वर्ष क्रीडा शिष्यवृत्ती मिळायची नाही. ‘कुठंही जा, पण आमच्या प्रतिस्पर्ध्याकडं नको,’ असंही कॉलेज सांगू शकत होतं. दाद मागायची तर त्याच कॉलेजच्या समितीपुढं.

सॉकरवाल्यांना हे जास्त बोचायचं, कारण त्यांच्याकडं पैसा मुळातच कमी. वरच्या श्रेणीत पुरुषांच्या संघाला जास्तीत जास्त ९.९ शिष्यवृत्त्या देता यायच्या आणि मुलींच्या संघाला १४. संघात पंचवीस-तीस जण. म्हणजे एकेक शिष्यवृत्ती भाकरीसारखी तोडून वाटायची. मुलींच्या वाट्याला १४ तरी आल्या, त्यामागं १९७२ चा ‘टायटल नाइन’ हा कायदा होता. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगभेद करायचा नाही, असं त्यानं सांगितलं. एनसीएएची मुलींची पहिली सॉकर स्पर्धा १९८२ मध्ये झाली. आज जगभर अमेरिकेच्या महिला संघाचं नाव आहे, त्याचं मूळ या कॉलेजच्या मैदानांत आहे.

मोठा बदल झाला १५ ऑक्टोबर २०१८ ला. एनसीएएनं ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू केलं. पोर्टल म्हणजे काय, तर संगणकावरची एक यादी. खेळाडूनं आपल्या कॉलेजला लेखी कळवायचं की मला जायचं आहे. कॉलेजनं कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचं नाव यादीत घालायचं. बास. मग कुठलाही प्रशिक्षक त्याच्याशी बोलू शकतो. आधी परवानगी मागावी लागायची, आता फक्त कळवायचं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट ही आहे. नियमातलं एकच क्रियापद बदललं आणि कागद एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

नंतरच्या गोष्टी भराभर झाल्या. एप्रिल २०२१ मध्ये सगळ्याच खेळांना एकदा बदलायची सूट मिळाली. त्याच वर्षी २१ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘ऑलस्टन’ खटल्यात एनसीएएच्या विरोधात ९-० असा निकाल दिला. तो खटला शिक्षणाशी निगडित लाभांवरच्या मर्यादेचा होता, पण खेळ हौशी आहे म्हणून आम्हाला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मोकळीक हवी, हा युक्तिवाद चालणार नाही हे त्यातून स्पष्ट झालं. डिसेंबर २०२३ मध्ये सात राज्यं थेट बदलीच्या नियमाविरुद्ध कोर्टात गेली आणि दुसऱ्यांदा कॉलेज बदलणाऱ्याला बाहेर बसवण्यावर स्थगिती मिळाली. २०२४ मध्ये नियम बदलला: अभ्यास ठीक चालू असेल तर कितीही वेळा बदला.

आता दुसरी बाजू. ती लपवून लिहिलं तर हा इतिहास न होता प्रचार होईल. पोर्टलमध्ये नाव घातलं म्हणजे जागा मिळाली असं नाही. जुनं कॉलेज त्या सत्राच्या अखेरीस शिष्यवृत्ती थांबवू शकतं, आणि नवं कुणी बोलावलं नाही तर पोरगं अधांतरी. बदलीत काही विषयांचे गुणांक वाया जातात, पदवी लांबते. प्रशिक्षकाला आयता तयार, अनुभवी खेळाडू मिळत असेल तर तो शाळेतून आलेल्या अठरा वर्षांच्या पोरीला कशाला घेईल? दार उघडं झालं, पण आत येणाऱ्यांची रांगही बदलली. त्यात जून २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनं कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली आहे. शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा गेली आणि संघातल्या संख्येची मर्यादा आली. ही तडजोड मानणाऱ्या कॉलेजात सॉकरच्या संघात २८ जण. बाकीच्यांनी काय करायचं, याचं उत्तर कुणाकडं नाही.

तरीही मला विचाराल तर अधांतरी राहायचा धोका स्वतः पत्करणं वेगळं आणि दुसऱ्यानं आपल्याला अडकवून ठेवणं वेगळं. पहिल्यात चूक झाली तर ती आपली असते.

आता आपल्या दारात येऊ. मी बारावीनंतर कॉलेज बदललं तेव्हा दाखल्यासाठी अकरा दिवस हेलपाटे घातले. ‘साहेब नाहीत.’ ‘जिमखान्याची सही राहिली.’ ‘संघात खेळतोस ना, मग जातोस कशाला?’ कॉलेजचं नाव सांगत नाही, तो क्लार्कही आता निवृत्त झाला असेल. पण खिडकीपलीकडचा तो चेहरा अजून आठवतो. आपला कागद त्याच्या हातात होता.

आपल्याकडंही कायदा बदललाय बरं का. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं की मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यावा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश अडवू नये. ऑक्टोबर २०१८ मध्ये, म्हणजे तिकडं पोर्टल सुरू झालं त्याच महिन्यात, यूजीसीनं अधिसूचना काढली: विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं संस्थेनं अडवून ठेवायची नाहीत. किती पालकांना हे माहीत आहे? आजही ‘राहिलेली फी भरा, मग कागद न्या’ हे वाक्य ऐकू येतंच.

मित्राच्या पोरीला अजून कुठून बोलावणं आलेलं नाही. परवा तिच्याशी बोललो. म्हणाली, ‘काका, भीती वाटतेय. पण निदान कुणाच्या सहीची वाट बघत नाहीये.’

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की तिला काढलेलं नाही, ती निघाली आहे. त्यावर दोघांनी अंगठा दाखवला, बाकीचे गप्प.

तुमचा दाखला कुणी अडवला होता का? संस्थेचं नाव नको, अनुभव सांगा.